जेरुसलेम: मंदिर पाहायला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

आमच्या यात्रा कंपनीच्या पत्रकात 'प्राचीन ज्यू मंदिराचं दर्शन' असं ठळक अक्षरांत छापलं होतं. असं कुठलंही दर्शन होत नाही, कारण मंदिर नाहीच. इ.स. 70 मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने ते जाळलं, पाडलं, आणि पुन्हा ते उभं राहिलेलं नाही. ज्या भिंतीच्या फटींत लोक चिठ्ठ्या खोचतात तीही मंदिराची भिंत नव्हे. मंदिर पडण्याआधी हेरोद नावाच्या ज्यू राजाने डोंगरमाथ्यावरचं पटांगण वाढवलं तेव्हा भराव पेलायला चारी बाजूंनी प्रचंड बांध घातले. त्यातला हा पश्चिमेचा, म्हणजेच 'वेस्टर्न वॉल'. लांबी सुमारे 488 मीटर, त्यातले जेमतेम 57 मीटर प्रार्थनेच्या चौकात उघडे दिसतात. मंदिराचा गाभारा या बाजूला सर्वांत जवळ होता म्हणून या भिंतीचं एवढं मोल. आमच्या गाइडने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. 'हेच ते मंदिर' म्हणाला आणि फोटोसाठी पंधरा मिनिटं दिली. त्या रागातच मी ग्रुप सोडून पुढचं सगळं स्वतंत्रपणे पाहिलं.

पहिला सल्ला म्हणजे सुरुवात भिंतीपासून करू नका. जुन्या शहरात डंग गेटने आत शिरलात की उजव्या हाताला पुरातत्त्व उद्यान आहे. तिकीट काढा आणि सरळ नैऋत्य कोपऱ्यापाशी जा. तिथे हेरोदाच्या काळातला फरसबंदी रस्ता आहे, आणि वरून ढकलून दिलेले दगड त्यावर पडले तसे ढिगाने पडून आहेत. काही दगडांच्या भाराने खालची फरशी खचलीय. मंदिर गेलं म्हणजे काय झालं, हे मला इथे कळलं. चौकातल्या भिंतीपुढे नाही कळलं. 1968 पासून बेंजामिन मझार यांनी या कोपऱ्यात उत्खनन केलं. त्यात एक कोरीव दगड निघाला, त्यावर हिब्रूत 'तुतारी फुंकण्याच्या जागेसाठी' अशा अर्थाची अक्षरं आहेत. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की याजक तटाच्या टोकावर उभा राहून तुतारी फुंकायचा, ती आवाज द्यायची जागा. मूळ दगड इस्रायल म्युझियममध्ये आहे, इथे प्रतिकृती. मी दुपार इथेच काढली आणि त्याबद्दल जराही वाईट वाटत नाही. जेरुसलेममध्ये तुमच्याकडे तीनच तास असतील तर तिन्ही इथे घालवा.

दक्षिणेच्या पायऱ्या चुकवू नका. एक रुंद, एक अरुंद अशा आहेत, धावत चढता येत नाहीत. शेजारी शुद्धीस्नानाची कुंडं आहेत. वल्हांडण, शावुओत आणि सुक्कोत या तीन यात्रांना लोक इथे बुडी मारून वर चढत. वर रोज सकाळ-संध्याकाळ होमबली चालत. सगळ्यात आतलं परमपवित्र स्थान, तिथे फक्त प्रमुख याजक जायचा, तोही वर्षातून एकाच दिवशी, योम किप्पुरला, सगळ्या लोकांच्या पापांची क्षमा मागायला. आणि रोमनांनी पाडलेल्या या मंदिरात, म्हणजे दुसऱ्या मंदिरात, ती खोली रिकामी होती! कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या नेबुखद्नेस्सरने शलमोनाचं पहिलं मंदिर पाडल्यानंतर पुन्हा कधी दिसला नाही. देवाची वस्ती जिथे मानली त्या जागेत मूर्ती नाही, कोश नाही, जमिनीतून वर आलेला एक खडक तेवढा. त्या पायऱ्यांवर बसून याचा विचार करा, गाइडची गरज लागत नाही.

आता ज्या प्रकाराने मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो. पटांगणावर, म्हणजे आज जिथे सोनेरी घुमट आणि अल-अक्सा मशीद आहे तिथे, मुस्लिमेतरांना जायला एकच वाट आहे: मुघराबी दरवाजा. भिंतीच्या चौकातून वर जाणारा लाकडी पूल दिसतो तोच. 2004 मध्ये तिथला मातीचा जुना चढ खचला, त्यानंतर हा बांधला. वेळ सकाळी काही तास आणि दुपारी साधारण तासभर. शुक्रवारी-शनिवारी बंद, मुस्लिम सणांना बंद. हे मला माहीत होतं, तरी जाफा गेटपाशी एकाने गाठलं. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, बोलणं अगदी गोड. 'रांगेशिवाय आत नेतो' म्हणाला, शंभर शेकेल आधीच घेतले, बाजारातून उलटसुलट फिरवून कापूस बाजाराच्या दरवाज्यापाशी आणलं. तिथे पोलिसांनी अडवलं, कारण त्या दरवाज्याने फक्त मुस्लिमांना आत जाता येतं. वळून पाहते तर माणूस गायब. मग ऊन अंगावर घेत परत चौकापर्यंत, तपासणीची रांग, आणि माझ्या पुढे दहा-बारा माणसं असताना वेळ संपली म्हणून दार बंद. कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका. बाहेर कुठल्याही दरवाज्याने पडता येतं, आत मात्र फक्त या पुलावरून. वेळेच्या किमान तासभर आधी रांगेत उभे राहा. बायबल, प्रार्थनेची शाल असलं काही पिशवीत नको, काढून ठेवायला लावतात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

दुसऱ्या खेपेला वर गेले. पुलाच्या तोंडाशी मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाची पाटी आहे: या जागेच्या पावित्र्यामुळे धर्मशास्त्राप्रमाणे इथे प्रवेश निषिद्ध. ती ज्यूंसाठी आहे. प्रेताच्या स्पर्शाची अशुद्धी काढायला लाल कालवडीची राख लागते आणि ती आज नाही, म्हणजे सगळेच अशुद्ध, त्यामुळे चुकून गाभाऱ्याच्या जागी पाय पडेल ही भीती. अलीकडे बरेच ज्यू वर जातात, त्यावरून त्यांच्यातच तीव्र मतभेद आहेत. पण ज्या जागेसाठी दिवसातून तीनदा प्रार्थना करायची तिथेच पाऊल न टाकणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटला.

भिंतीखालच्या बोगद्याचं बुकिंग आधीच करा, आयत्या वेळी मिळत नाही. 13 मीटरहून लांब असा एकच घडीव दगड तिथे दिसतो. वाट चिंचोळी आहे. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी जाऊ नये. मृत समुद्र, याफो वगैरे ठीकच, सगळे जातात.

जमलं तर तिशा ब'आवच्या, म्हणजे ज्यूंच्या शोकाच्या उपासाच्या, रात्री चौकात या. जुलै-ऑगस्टमध्ये येते. परंपरेने दोन्ही मंदिरं याच तिथीला पडली. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत, कुणाला अभिवादनही नाही. धर्मग्रंथ वाचणं हा आनंद, म्हणून तेही फक्त दुःखाचे उतारे. माणसं जमिनीवर बसून मंद उजेडात विलापगीत वाचतात. बायकांची बाजू लहान आहे, उभं राहायलाही जागा नव्हती. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगो, इकडे ये, बस हितं." इस्रायलमधल्याच अश्दोद शहराहून आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मावशी, मूळच्या पेणच्या! त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "चामड्याच्या नाहीत ना? मग बस. आणि आज कुणाला शालोम म्हणू नको." पुठ्ठ्याचा अर्धा तुकडा मला दिला. कोकणात या दिवसाला बिरड्याचा सण म्हणायचे, आई उपासाआधी वालाचं बिरडं करायची, हे त्यांनीच सांगितलं. बेने इस्रायलांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज हे मंदिर पडण्याआधीच कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्याला लागले होते. मी विचारलं, मग तुमच्याकडे हा शोक कुठून आला? "पडलं ते आमचंच ना," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, रब्बी सांगतात की दुसरं मंदिर रोमनांमुळे नाही, आपसातल्या विनाकारण द्वेषामुळे गेलं.

मंदिर गेल्यावर हा धर्म संपला कसा नाही, याचं उत्तर मला त्या गर्दीत मिळालं. रब्बी योहानान बेन झक्काई रोमनांच्या वेढ्यातून निसटून याव्ने गावाला गेले, तिथे पाठशाळा उभी राहिली. होमबलीच्या जागी प्रार्थना, वेदीच्या जागी घरचं जेवणाचं टेबल. भाकरीला मीठ लावतात ते वेदीवरच्या बलीला मीठ लावत म्हणून, लग्नात पेला फोडतात तोही मंदिराच्या आठवणीने.

त्या रात्रीसाठी: दुपारीच पोटभर खा, संध्याकाळपासून ज्यू वस्तीतली बहुतेक हॉटेलं बंद. उपास करणाऱ्यांसमोर बाटली तोंडाला लावू नका, पाणी आधीच पिऊन या. दिवसभर उन्हात फिरला असाल तर त्यांच्याबरोबर उपास करायच्या फंदात पडू नका, मला पहाटे चालवेना. परतीला टॅक्सीवाला मीटर लावत नसेल तर उतरा, दुसरी मिळते. आणि इस्रायल म्युझियममधली दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या शहराची 1:50 प्रमाणातली प्रतिकृती हे सगळं झाल्यावर बघा, आधी नको. मंगळवारी ते उशिरा उघडतं, वेळ तपासून जा.