जुने गेले, तरी तोच बँड?

"मास्तर, तुमच्या त्या बँडातले अर्धे लोक तं गेले, मंग आता काय आयकता जी त्यात?"

हा प्रश्न मला दर सीझनला कुणी ना कुणी विचारतोच. आमच्या नाटक कंपनीची गाडी वडशाहून निघाली की मी खिडकीशी बसतो आणि कानात इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडची गाणी लावतो. शेजारी बसलेल्या नव्या पोराला ते कुतूहल वाटतं. तो मोबाईलवर शोधतो, जुने फोटो बघतो, नवे बघतो आणि मग हे विचारतो. गाडीत इंजिनाच्या आवाजात मी काहीतरी अर्धंमुर्धं सांगतो. यंदा तिघांनी विचारलंत, म्हणून एकदा बसून नीट लिहितो.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी झाडीपट्टीच्या नाटकात तबला वाजवतो, १९९६ पासून. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या आमच्या पट्ट्यात दिवाळी झाली, धान हातात आलं की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे येतात आणि रात्री नाटक असतं. देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, नाटक कंपन्यांच्या पाट्या लागलेल्या असतात. गावची मंडळं तिथे येऊन प्रयोग ठरवतात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा कोंबडं आरवतं. स्टेजच्या पुढ्यात आम्ही बसतो: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड (विजेवरचा ड्रम). होळीपर्यंत हेच आयुष्य.

२००० साली इंडियन ओशनच्या ‘कंदिसा’ची कॅसेट निघाली. माझा मामेभाऊ तेव्हा नागपूरला शिकत होता. त्याने ती आणली आणि म्हणाला, "दादा, यात तुमचा तबला हाये." मी आधी ऐकायला तयार नव्हतो. इंग्रजी नावाचा बँड, त्यात तबला म्हणजे चवीपुरता असणार, असंच वाटलं होतं. मग ‘मा रेवा’ लागलं. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या काठच्या लोकांचं हे गाणं. बेस गिटार वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, हे मला पुढे कळलं. पण त्या रात्री एवढंच कळलं की हे गाणं नदीकाठच्या माणसांचं आहे आणि आपण वैनगंगेच्या काठचे आहोत. कॅसेटवर सातच गाणी होती. मी ती त्या सीझनभर ऐकली.

त्यात एक माणूस तबला वाजवत गात होता. अशीम चक्रवर्ती. तबला एक जण आणि गाणं दुसरा असं मी धरून चाललो होतो. दोन्ही एकच माणूस करतो हे मामेभावाने सांगितलं तेव्हा मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली.

हे किती अवघड आहे ते वाजवणाऱ्यालाच कळेल. गाणाऱ्याचा श्वास एका हिशोबाने चालतो, हाताचा हिशोब वेगळा. ओळ लांबली की हात नकळत मंदावतो. हातात जोर आला की आवाज चढतो, कर्कश होतो. मी घरी करून पाहिलं. लहानपणापासून पाठ असलेलं भजन घेतलं, म्हणजे शब्दांकडे लक्ष द्यावं लागू नये. पहिली दोन आवर्तनं बरी गेली. मग गाणं सांभाळता सांभाळता ठेका नुसता ठेका उरला. मधले भराव नाहीत, लग्गीचे झरझर बोल नाहीत, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यातली मजा नाही, घड्याळासारखं धा धिं धिं धा. अशीमदांच्या हातात असं एकदाही होत नाही. गळा एक गोष्ट सांगत असतो, बोटं तीच गोष्ट आपल्या परीने सांगत असतात, आणि दोघं समेवर भेटतात. आजही मी नव्या तबलजीला बोल शिकवण्याआधी हे ऐकवतो.

२५ डिसेंबर २००९ ला अशीमदा गेले. हृदयविकाराने. डिसेंबर म्हणजे आमचा ऐन सीझन, रोज वेगळं गाव, पेपर हातात पडत नाही. मला दोन-तीन दिवसांनी मामेभावाच्या फोनवरून कळलं. त्या रात्री प्रयोग होता. तीनच्या सुमाराला दव पडायला लागलं, तबल्याची पुडी उतरली. मी हातोडी घेऊन सूर चढवत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑर्गनवाले मास्तर जवळ वाकून म्हणाले, "काय झालं गा?" मी सांगितलं, एक तबलजी गेला. त्यांनी कोण, कुठला, काही विचारलं नाही. पुढच्या एंट्रीला त्यांनी माझ्यासाठी आलाप थोडा लांबवला, तेवढ्यात मी सावरलो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. जुने गेले म्हणता, पण ‘जुने’ कोण? हा बँड दिल्लीत १९९० मध्ये गिटार वाजवणारे सुस्मित सेन आणि अशीम चक्रवर्ती यांनी उभा केला. राहुल राम १९९१ मध्ये आले. १९९३ मध्ये पहिला अल्बम निघाला तेव्हा ड्रमवर शालीन शर्मा होते. त्यांच्या जागी अमित किलम १९९४ मध्ये आले. म्हणजे ज्या चौघांना आपण ‘खरा’ इंडियन ओशन म्हणतो, ते चौघं एकत्र यायलाच चार वर्षं लागली होती. त्यांच्यातला चौथा, एका अर्थाने, बदलीच होता. पण तो आज कुणाला बदली वाटत नाही, कारण पुढची पंधरा वर्षं तो रोज तालमीला बसला.

तालमीचं मी मुद्दाम म्हणतो. दिल्लीच्या करोलबागेत एका जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं सराव करायचे. पुढे २०१० च्या अल्बमला त्यांनी त्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला: ‘१६/३३० खजूर रोड’. त्यातली गाणी एकेक करून फुकट उतरवून घ्यायला दिली. अशीमदा तेव्हा नव्हते, आवाज मात्र त्यांचा होता. अल्बमला गाण्याचं किंवा माणसाचं नाव न देता तालमीच्या जागेचं नाव द्यावं, हे मला फार जवळचं वाटतं. तुम्ही वडशाला नवरात्रानंतर येऊन बघा. एखाद्या हॉलमध्ये सतरंजी, कोपऱ्यात चहाची किटली, आणि एकच प्रवेश दहाव्यांदा चाललेला. कंपनी पाटीवर दिसत असली तरी ती तिथे जन्माला येते.

अशीमदांच्या जागी बँडने काय केलं ते नीट बघा. त्यांनी दुसरा अशीम शोधला नाही. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आले, गायला हिमांशू जोशी आले. एका माणसाच्या जागी दोन माणसं. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. गेलेल्या माणसाचं काम एकट्याने पेलणार नाही हे त्यांनी लोकांसमोर मान्य केलं, आणि नव्या दोघांवर त्याची नक्कल करायचं ओझंही टाकलं नाही.

नक्कल केली की काय होतं ते मी पाहिलंय. माझ्यासाठी आलाप लांबवणारे ते ऑर्गन मास्तर. पुढे त्यांची बोटं थरथरायला लागली आणि त्यांनी वाजवणं सोडलं. त्यांच्या जागी कंपनीने एक हुशार पोरगा आणला. मास्तरांनी त्याला आपली वही दिली, त्यात प्रत्येक एंट्री, प्रत्येक गाण्याचं नोटेशन. पोरगा वहीप्रमाणे वाजवायचा, एक सूर इकडचा तिकडे नाही. तरी प्रयोग बसेना. नायिकेची दुःखाची एंट्री असली की तिचं पाऊल पडायच्या आतच सूर येऊन जायचा. मी दोन रात्री विचार करत होतो. मग लक्षात आलं: मास्तर वहीकडे बघतच नव्हते, ते नटीच्या पायाकडे बघायचे. ती विंगेत थांबली, तर तेही थांबायचे. ते थांबणं वहीत लिहिलेलं नव्हतं, लिहिता येणारही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी पोराला म्हटलं, आज वही पेटीत राहू दे. त्या रात्री तो दोन ठिकाणी चुकला. पण नटी रडली तेव्हा प्रेक्षकांतल्या बायाही रडल्या, कितीतरी दिवसांनी. त्याचे सूर मास्तरांसारखे नव्हते. त्याचा हात हलका होता, तो कमी वाजवायचा. आम्हीच त्याच्याप्रमाणे बदललो, माझा ठेकासुद्धा.

सगळंच भरून निघतं असं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. त्यांच्या गिटारमध्ये तंबोऱ्यासारखी एक तार कायम घुमत असल्यासारखं वाटायचं, वर चाल फिरत राहायची आणि खाली ती जमीन हलायची नाही. ती जमीन गेली. निखिल राव आले. ते चांगले आहेत, सुस्मितसारखं वाजवायला जात नाहीत, आणि ते बरंच आहे. तरी ‘कंदिसा’ ऐकून लगेच नवं काही लावलं की मला ती तार आठवतेच. तुमच्यापैकी बरेच जण बँडला ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमातल्या ‘बंदे’ गाण्यामुळे ओळखता. त्यातही ती गिटार कान देऊन ऐका, मग मी काय म्हणतो ते कळेल.

पण बँड थांबला नाही. २०१४ मध्ये ‘तंदानू’ आला. त्यात त्यांनी पाहुणे बोलावले, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन. जुना खांब नुकताच निघालेला असताना दारं बंद करून बसण्याऐवजी त्यांनी मोठ्या माणसांना घरात बोलावलं, याचं मला कौतुक वाटतं. मग पुढचा अल्बम, ‘तू है’, थेट २०२३ मध्ये. तुम्हाला नऊ वर्षं फार वाटतील. मला नाही वाटत. नव्या माणसाबरोबर वाजवताना त्याचा श्वास कुठे पडतो हे कळायला काळ लागतो, आणि तो घाईने कमी होत नाही.

आमच्याकडे करोनाच्या सीझनला नाटकं बसली. मंडई नाही, प्रयोग नाही, पैसा नाही. वही मिटवून वाजवणारा तो पोरगा तेलंगणात मिरची तोडायला गेला. मजुरीचे पैसे रोजचे मिळतात, ऑर्गनचे सीझनला, म्हणून पुढे तो परत आला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी आता गोंदियाकडचा एक जण आहे. ऑक्टोपॅडवर तर माझ्यासमोर सहावा माणूस बसतो. नायक-नायिका, लावणीवाल्या मुली, सगळे बदलले. १९९६ मध्ये आम्ही स्टेजपुढे बसायचो त्यांतला आज मी एकटा उरलोय. तरी गावात गाडी शिरली की म्हातारी माणसं म्हणतात, "आली बा आपली कंपनी." त्यांतल्या कुणी कधी विचारलं नाही की जुने कुठे गेले. मला बघून ओळखतात असंही नाही, मी तर पडद्याकडे तोंड करून बसलेला असतो.

राहुल राम १९९१ पासून आहेत, अमित किलम १९९४ पासून. त्या दोघांनी एवढ्या वर्षांत किती जणांच्या शेजारी बसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असेल, ते मी समजू शकतो. मी ऐकतो ते त्यासाठीही.

यंदा दिवाळीच्या आधी वडशाला तालीम आहे. ऑक्टोपॅडवरच्या सहाव्याला मी सांगितलंय, पहिले दोन दिवस वाजवू नको, नुसता माझ्या डाव्याकडे बघत बस. कॅसेट आता चालत नाही, पण ती मी सोबत नेणार आहे. त्याने मागितलीय.