सरांच्या चित्रांचे स्मृतिप्रदर्शन उभारताना

आमच्या चित्रकला शिक्षकांच्या निधनानंतर त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सिंहावलोकन प्रदर्शन भरवायचे ठरले, तेव्हा चित्रांची निवड आणि मांडणी त्यांच्या माजी विद्यार्थ्यांपैकी माझ्याकडे आली. चित्रकार हयात असताना त्याला सहज विचारता येणारे प्रश्न त्याच्या पश्चात चित्रालाच विचारावे लागतात. सरांनी बहुतेक जलरंगांवर सही केली होती, साल मात्र क्वचितच घातले होते. त्यामुळे कालक्रम लावण्यासाठी आम्ही चित्रांच्या पाठीमागच्या बाजू तपासू लागलो. जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या, फ्रेम करणाऱ्याचा शिक्का, कागद उजेडासमोर धरल्यावर उमटणारे कारखान्याचे जलचिन्ह, सहीचे बदलत गेलेले वळण, अशा खुणांवरून बरीच चित्रे जागेवर बसली. जेथे खात्री पटली नाही, तेथे सालाआधी ‘अंदाजे’ असे लिहिले, कारण एकदा छापलेले चुकीचे साल पुढे प्रत्येक लेखात तसेच उतरत राहते.

चित्र ताब्यात घेताना मालकाशी लेखी करार, विमा आणि चित्राच्या पुढच्या-मागच्या बाजूंची छायाचित्रे हे सोपस्कार नेमाने केले. क्रमांक मागे मऊ पेन्सिलीनेच घातले, कारण बॉलपेनचा दाब कागदाच्या दर्शनी बाजूला उमटतो.

एक संध्याकाळचे निसर्गचित्र फ्रेममधून काढले, तेव्हा माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, कडेखाली झाकून राहिलेल्या बोटभर पट्टीत आकाश अजून गुलाबी होते. उघड्या भागातला गुलाबी उडून तेथे फक्त राखी निळसर छटा उरली होती. लाल-गुलाबी रंगांपैकी काही प्रकाशात टिकत नाहीत, आणि प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, ती भरून निघत नाही. म्हणून जलरंगांच्या दालनात उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत ठेवला, जुने पिवळे पडलेले पुठ्ठे काढून आम्लरहित माउंट घातले आणि काच कागदाला चिकटणार नाही एवढे अंतर राखले. दालन अंधारे वाटते अशी तक्रार आली, तेव्हा कारण सांगणारा छोटा फलक प्रवेशाशी लावला. ते निसर्गचित्र आम्ही रंग न भरता, कडेची पट्टी दिसेल असे, मोठ्या खिडकीच्या माउंटमध्ये लावले. सरांनी पाहिलेले आकाश त्या पट्टीत आहे, हे प्रेक्षकांना कळायलाच हवे होते.

खरी चर्चा झाली ती सरांच्या शिकवण्यातले कागद मांडायच्या दालनावरून. प्रदर्शनात पूर्ण झालेली, फ्रेम केलेली चित्रेच असावीत, असे काहींचे मत होते. मला ते पटले नाही, कारण सरांचा हात सर्वांत मोकळा चालला तो विद्यार्थ्यांच्या कागदांच्या समासात. एका विद्यार्थिनीने उभ्या माणसाचा अभ्यास केला होता; आकृती एका बाजूला कलत होती. सरांनी तिच्या रेषेला हात न लावता बाजूच्या कोऱ्या जागेत गळ्याच्या खळगीतून खाली एक उभी रेषा सोडली होती, ती भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्यावर आणली होती आणि कंबरेचा कल दोनच फटकाऱ्यांत दाखवला होता. ते पाहून आकृती का पडते आहे हे तत्काळ समजते. असे कागद कोणी ट्रंकेत, कोणी गुंडाळी करून जपले होते; कसर आणि ओल यांतून वाचलेले आम्ही सपाट करून घेतले. प्रत्येक फलकावर मूळ रेखाटन कोणाचे आणि दुरुस्ती सरांची, हे स्वतंत्रपणे नोंदवले, कारण विद्यार्थ्याचे काम शिक्षकाच्या नावावर जाणे सरांना कधीच चालले नसते.

फ्रेम केलेल्या चित्रांचे मध्यबिंदू जमिनीपासून सुमारे 150 सेंटिमीटरवर एका रेषेत घेतले होते; हे कागद मात्र उतरत्या मेजावर ठेवले, म्हणजे वाकून जवळून पाहता येतील. लोक तेथेच सर्वाधिक वेळ थांबले.

प्रदर्शन उतरवल्यावर प्रत्येक चित्र सुरुवातीच्या नोंदींशी ताडून परत केले. समासातल्या दुरुस्त्यांचे काही कागद त्यांच्या मालकांनी सरांच्या कुटुंबाकडे संग्रहासाठी दिले. उरलेल्यांच्या स्कॅन प्रती ठेवून मूळ कागद आम्लरहित पाकिटांत ज्याचे त्याला पोहोचवले.