कपाटावरचा ओसू सर्व्हर आणि चुकून झालेला ॲडमिन

ओसू ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गाणं चालू असतं, स्क्रीनवर गोल येतात, ठेका चुकू न देता ते माऊसने गाठून दाबायचे, बस्स एवढंच. डीन हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २००७ साली काढलेला गेम आहे, त्याला सगळे पेपी म्हणतात, आणि गाण्यांवर गोल बसवायचं काम, म्हणजे मॅपिंग, खेळणारेच करतात. त्याच्या मुख्य सर्व्हरचं नाव बांचो. जपानीत बांचो म्हणजे टवाळ पोरांच्या टोळीचा म्होरक्या, थोडक्यात गल्लीतला दादा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी घरी स्वतःचा वेगळा ओसू सर्व्हर काढलाय. आता मुख्य सर्व्हर फुकट आहे, चांगला चालतो, मग स्वतःचा कशाला, असं मलाही तीन जणांनी विचारलं. कारण एक मॅप. गणपतीच्या आधी ढोल पथकाचा सराव चालतो तिथे मी फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं आणि त्यावर मॅप बनवायला घेतला. चार संध्याकाळी गेल्या नुसत्या टायमिंगमध्ये, कारण स्टुडिओतल्या गाण्याला एक बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके तो आकडा, टाकला की काम झालं, पण इथे ताशा सुटला की ढोलवाले मागे पळतात, ठेका चढतच जातो, त्यामुळे एडिटरमध्ये दर दोन-चार मात्रांनी नवीन लाल रेघ, म्हणजे इथून वेग बदलला अशी खूण, मारावी लागली. अपलोड केला. पण रँक व्हायचा, म्हणजे अधिकृत यादीत यायचा, तर बाकीच्या मॅपरांनी तपासायला हवा, नॉमिनेटर, म्हणजे त्याची शिफारस करणारे, मिळायला हवेत, आणि फोनवर रेकॉर्ड केलेल्या ढोलासाठी कोण येणार? चार आठवडे हात लावला नाही तर मॅप ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे पडीक मॅपच्या ढिगात, जातो, तसा गेला. ग्रेव्हयार्डमधल्या मॅपला लीडरबोर्ड, म्हणजे स्कोअरची क्रमवारी, नसतो. म्हणजे आम्ही पाच जण तो खेळणार आणि कोण भारी हे ठरवायला स्क्रीनशॉट पाठवत बसणार, हे काही पटेना.

तर बांचो डॉट पाय नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, अकात्सुकी हा प्रायव्हेट सर्व्हर चालवणाऱ्यांचा, पायथनमध्ये लिहिलेला. सोबत डेटा ठेवायला मायएसक्यूएल आणि रेडिस लागतात, डॉकर नावाच्या साधनाने सगळं एकत्र उभं राहतं, समोर येणारी कनेक्शन घ्यायला एनजिनएक्स बसवायचा. मशीन म्हणून माझा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅमवाला, बिजागरी तुटलेली, पण बॅटरी अजून तासभर टिकते म्हणजे लाईट गेली तरी सर्व्हर चालू, यूपीएसचे पैसे वाचले. त्यावर लिनक्स टाकलं आणि ठेवला कपाटावर. दुसऱ्याच दिवशी सर्व्हर गायब. दोन तास लॉग वाचले, काही सापडेना, शेवटी कळलं की आईने धूळ बसते म्हणून झाकण मिटलं होतं. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ते एका सेटिंगमध्ये इग्नोर करून ठेवावं लागतं. आता झाकण मिटलेलं, वर रुमालही आहे, तो काढू नको असं आईला सांगितलंय, उलट गरम होतो म्हणून काढ असं सांगायला हवं होतं ते नंतर सुचलं.

खरी डोकेदुखी बाहेरून आत यायची. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचे दरवाजे, उघडले, काही होईना. राउटरचा बाहेरचा आयपी बघितला तर १०० ने सुरू होणारा, ६४ ते १२७ च्या मधला. हे दिसलं की समजायचं आपण सीजीनॅटच्या मागे आहोत, एक पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलाय, पोर्ट उघडून उपयोग शून्य. कंपनीला फोन केला तर त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मग तो नाद सोडला आणि पाचही जणांच्या मशीनवर टेलस्केल टाकलं. ते सगळ्यांना एका खाजगी नेटवर्कमध्ये आणतं, डोमेनचे रेकॉर्ड त्या आतल्या आयपीकडे वळवायचे, पोर्ट उघडायची भानगडच नाही. बाहेरचं कोणी येऊ शकत नाही, आणि यावं अशी इच्छाही नाही.

डोमेनवरून आठवलं, इथे मी एक अख्खा रविवार घालवला. ओसूचा क्लायंट, म्हणजे खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम, एका पत्त्यावर जात नाही, सी, सीई, सी-फोर, ओसू, ए, बी अशा बऱ्याच सबडोमेनवर जातो, आणि सगळीकडे नीट सर्टिफिकेट, म्हणजे पत्ता खरा असल्याचा दाखला, लागतं. म्हणून वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनला मिळून एकच, घेतलं लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट मिळतं, फक्त डीएनएसमध्ये रेकॉर्ड टाकून डोमेन आपलंच आहे हे दाखवायचं. पण मी हौसेने सर्व्हर ठेवला होता 'खेळ डॉट माझं डोमेन' वर, म्हणजे क्लायंट जाणार 'सी डॉट खेळ डॉट माझं डोमेन' वर, आणि वाइल्डकार्ड एकाच पायरीपुरतं चालतं, दोन पायऱ्या खाली नाही. क्लायंट नुसता कनेक्टिंग कनेक्टिंग करत बसतो, का ते सांगत नाही. 'खेळ' काढून टाकलं, पहिल्या झटक्यात लॉगिन. आणि हो, ते सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, रिन्यूअल ऑटोमॅटिक लावा, मी नव्हतं लावलं.

खेळणाऱ्याला काय करायचं? जुना स्टेबल क्लायंट घ्यायचा, शॉर्टकटच्या टार्गेटच्या शेवटी डॅश, डेव्हसर्व्हर, स्पेस आणि आपलं डोमेन टाकायचं. झालं. ते मी अतिउत्साहात ग्रुपवर टाकलं आणि जेवायला गेलो.

बांचो डॉट पायमध्ये जो पहिला रजिस्टर होतो त्याला सगळे अधिकार मिळतात. मी जेवत होतो. नाशिकचा मावसभाऊ जेवत नव्हता. परत येऊन बघतो तर तो ॲडमिन आणि मी साधा प्लेअर, आणि हा ग्रुपवर लिहितोय, "दादा, तुला म्यूट करायचं बटण कुठंय रे?" डेटाबेसमध्ये शिरून त्याचे अधिकार काढले, म्हणजे शेवटी मशीन ज्याच्या कपाटावर तोच बांचो, पण दहा मिनिटं का होईना त्याने मजा केली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना दम देऊन सांगितली, मुख्य सर्व्हरचा पासवर्ड इथे वापरायचा नाही. क्लायंट पासवर्डचा एमडीफाइव्ह, म्हणजे त्यावरून काढलेला ठसा, पाठवतो, तो माझ्या मशीनवर येतो, मी बघणार नाही पण मी सज्जन आहे हे तुम्हाला काय माहीत. अनोळखी प्रायव्हेट सर्व्हरवर तर नाहीच नाही.

दुसरं, जर्मनीतल्या मित्राची तक्रार, तुझा सर्व्हर लांब आहे म्हणून माझे अचूक दाबल्याचे ३०० पडायच्या ऐवजी १०० पडतात. अरे बाबा, एकटा खेळताना कुठला हिट ३०० आणि कुठला १०० हे तुझाच कॉम्प्युटर ठरवतो, ओडी, म्हणजे मॅप वेळेच्या बाबतीत किती कडक आहे तो आकडा, ८ असेल तर ३०० साठी मागेपुढे साधारण ३२ मिलिसेकंद मिळतात, ते तुझ्या हातात, सर्व्हरला गाणं संपल्यावर स्कोअर आणि रिप्ले जातो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दोनशे असो की दोन हजार. हे त्याला तीनदा सांगितलं, तो अजूनही पिंगच म्हणतो.

बाकी आपला मॅप रँक करणं एकदम सोपं. चॅटमध्ये स्लॅश एनपी टाकून मॅप दाखवायचा, मग उद्गारचिन्ह लावून मॅप रँक सेट. एवढ्यात ढोलाच्या मॅपला लीडरबोर्ड आला, जो मला मुख्य सर्व्हरवर जन्मात मिळाला नसता. तिथे मी लाखांत कुठेतरी आहे आणि त्याचं काही वाटत नाही, इथे पाचात तिसरा आलो तर झोप येईना. पहिला कोण, तर अर्थात मावसभाऊ.

आता झालं असं, की मागच्या आठवड्यात मला जाणवलं ऑफसेट, म्हणजे ठेका कुठून सुरू होतो तो आकडा, १२ मिलिसेकंद चुकलाय, हेडफोन लावून पन्नास वेळा ऐकलं, चुकलाच होता. दुरुस्त करून परत अपलोड केला. पण सर्व्हर मॅप ओळखतो फाइलच्या एमडीफाइव्हवरून, एक आकडा बदलला की फाइल वेगळी, म्हणजे मॅप वेगळा, म्हणजे लीडरबोर्ड कोरा. जुने स्कोअर डेटाबेसमध्ये पडून आहेत, दिसत नाहीत एवढंच. ग्रुपवर जे काही चाललंय ते इथे लिहिण्यासारखं नाही, मावसभावाने मावशीला सांगितलं, मावशीने आईला, आणि आईला हे ऑफसेट प्रकरण कसं समजवायचं ते मला अजून कळलेलं नाही.