इम्प्लांटची कॅप: स्क्रूची की सिमेंटची?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ; त्यावरची दाताची कॅप स्क्रूने आवळतात किंवा सिमेंटने चिकटवतात. दाढ असेल तर स्क्रूची, हे आमचं मत आधीच सांगून टाकतो. कॅप काढायची वेळ कधीही येऊ शकते: पोर्सेलिनचा टवका उडतो, शेजारच्या दाताशी फट पडून अन्न अडकतं, आतला स्क्रू सैल होतो. स्क्रूच्या कॅपमधलं, स्क्रूपर्यंत जाणारं भोक उघडलं की काम सोपं. सिमेंटची कॅप मात्र अ‍ॅबटमेंटवर (इम्प्लांटला स्क्रूने जोडलेल्या खुंटावर) चिकटवलेली असते; खालचा तो स्क्रू सैल झाला, तरी सिमेंट घट्टच राहू शकतं. मग चांगल्या कॅपला अंदाजाने भोक पाडत तो शोधायचा. हलणारी कॅप घेऊन चावत राहिलात तर स्क्रू तुटतो, आणि तुटका तुकडा काढणं फार किचकट.

सिमेंटचा मोठा धोका हिरडीखाली असतो. कॅप दाबली की जास्तीचं सिमेंट खाली सरकतं. खऱ्या दातात हिरडीचे तंतू रुजलेले असतात, ते त्याला अडवतात. इम्प्लांटला ती अडवणूक जवळपास नसतेच. कॅपची कड हिरडीखाली दीड मिलिमीटर गेली, तर राहिलेलं सिमेंट पूर्ण निघेल याचा भरवसा नाही. काही रेझिन सिमेंटं एक्स-रेतही दिसत नाहीत. पुढे रक्त, पू आणि हाडाची झीज, कधी वर्षांनंतर.

तरीही पुढच्या दातात इम्प्लांट तिरका असला की भोक नेमकं ओठाकडे येतं. साधारण 25 अंशांपर्यंत तिरक्या वाटेचा स्क्रू (भोक दाताच्या आतल्या बाजूला वळवणारा) चालतो, त्यापुढे सिमेंटच. मग कड हिरडीच्या रेषेलगत ठेवा, अ‍ॅबटमेंट निदान 4 मिलिमीटर उंच घ्या आणि कॅपमध्ये सिमेंट भरू नका, पातळ थर पुसा. टाय-बेसवर (टायटॅनियमच्या छोट्या पायावर) कॅप लॅबमध्येच चिकटवून तोंडात स्क्रूने बसवणं, हा मधला मार्ग आम्हाला सर्वांत पटतो. जास्तीचं सिमेंट बाहेरच, डोळ्यांसमोर साफ होतं.

स्क्रू आवळण्याआधी एक्स-रे काढून कॅप पूर्ण बसल्याची खात्री करा. टॉर्क (आवळण्याचा जोर) कंपनी सांगेल तेवढाच, बऱ्याच सिस्टिममध्ये 30 ते 35 न्यूटन-सेंटिमीटर. 10 मिनिटांनी पुन्हा आवळा, कारण धातूचे सूक्ष्म उंचवटे दबून ताण थोडा उतरतो. भोकात टेफ्लॉन टेप, वर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग). कापूस नको, त्याला वास येतो.

पेशंटनी इम्प्लांटच्या पाकिटावरच्या स्टिकरचा फोटो मागून घ्यावा. दादरला बसवलेली कॅप निवृत्तीनंतर चिपळूणला सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरांना कोणता स्क्रू-ड्रायव्हर लागेल हे त्यावरूनच कळणार आहे.