घरी सीएनसी मशीन घेण्याआधी: माझा अनुभव

लाकडावर कोरीवकाम करणारं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं मशीन घरी घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी आधी एकच सांगतो. डिझाइनची फाइल आपली, लाकूड आपलं, आणि विक्रेत्याने ते कोरून दाखवायचं तेही आपल्या डोळ्यांसमोर. हे तिन्ही जमून आल्याशिवाय ॲडव्हान्सचा एक रुपयाही देऊ नका. पैशांची जुळवाजुळव करायला मला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा ही एक साधी गोष्ट विक्रेत्यांकडून करून घ्यायला लागला. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी नाशिकला राहतो. नोकरी ड्राफ्टिंगची, त्यामुळे ऑटोकॅड रोजच्या हातातलं. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी देव्हारे करतो. चौकट, खांब, कळस हे करवत, रंधा आणि हातातल्या राउटरवर भराभर निघतं. अडतं ते महिरपीपाशी. वेलबुट्टी आणि दोन बाजूंना मोर अशी महिरप पटाशीने कोरायची म्हणजे बाकीच्या अख्ख्या देव्हाऱ्याइतका वेळ तिलाच जातो. ओळखीतून ऑर्डरी वाढल्या आणि लोकांना मी सहा-सहा महिन्यांची मुदत सांगायला लागलो, तेव्हा मशीनचा विचार पक्का झाला.

कोणत्या आकाराचं घ्यायचं हे घरी बसूनच ठरलं. ऑनलाइन मिळणारं 3018, म्हणजे 300 बाय 180 मिमीचं, शिकायला चांगलं आहे. पण सागवानात त्याची छोटी मोटर दमते आणि माझी महिरप त्यात मावत नाही. 1325 हे आठ बाय चारचा अख्खा प्लाय बसणारं कारखान्याचं मशीन, त्याला गाळाच हवा. मधलं 6090, म्हणजे 600 बाय 900 मिमीचं, आमच्या रो-हाउसच्या मागच्या खोलीत बसतं आणि दोन फुटी महिरप त्यात आडवी निघते.

मग कोटेशनं मागवली आणि घोडं अडलं.

कोटेशन आलं की ते एका पानाचं. वर्किंग एरिया, स्पिंडल, म्हणजे कापणारं बिट फिरवणारी मोटर, किती किलोवॅटचा, वेग किती, खाली किंमत आणि बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा'. 18 टक्के ही बारीक अक्षरात लिहायची रक्कम नाही. डस्ट कलेक्टर, बिट्स, क्लॅम्प, वाहतूक, घरी येऊन जोडून देणं, शिकवणं, यातलं किमतीत काय धरलंय याचा पत्ता नाही. फोन केला की "सर, सगळं देतो, तुम्ही टेन्शनच घेऊ नका." तेच लिहून द्या म्हटलं की पुढचा फोन उचलत नसत.

उंचीचंही तेच. कागदावर लिहिलेलं, झेड, म्हणजे वरखालची जागा, 130 मिमी. वाचून वाटतं, पाच इंच जाडीचं लाकूड बसेल. आता हिशेब करा. स्पिंडल सगळ्यात वर असताना बिट धरणाऱ्या कॉलेटपासून खालच्या बेडपर्यंत 130 मिमी. बिट आरपार गेलं तरी बेड कापला जाऊ नये म्हणून खाली टाकायचा एमडीएफचा पाट 18 मिमी, तो त्यातून गेला, उरले 112. कॉलेटबाहेर आलेलं बिट 50 मिमी, उरले 62. त्यात दोन इंची फळी ठेवली की वरून बिट फिरायला जेमतेम 12 मिमी उरतात. त्यात क्लॅम्पचं डोकं उंच असेल तर बिट त्यावरच आपटतं. एकाही विक्रेत्याने हा हिशेब आपणहून सांगितला नाही.

पण खरा छळ झाला तो डेमोचा. माझी विनंती साधी होती. महिरपीचा एक फूट बाय एक फूट एवढा तुकडा, त्यात एक मोर, त्याची एसटीएल, म्हणजे त्रिमिती आकाराची फाइल मी आधी पाठवतो. सागवानाची फळी मी आणतो. जे मॉडेल मला विकणार आहात त्याच्यावर ती कोरून दाखवा. मशीनच्या वेळेचे पैसे लागले तर तेही देतो.

एकाने सांगितलं, ऑपरेटर गावी गेलाय. तो परत आल्यावर सांगितलं, मशीन डिस्पॅच झालं, नवीन लॉट आला की बघू. दुसऱ्याने "आधी टोकन भरा, मग डेमो" असा नियम सांगितला, म्हणजे जे बघून निर्णय घ्यायचा तेच बघायला आधी निर्णय घ्या. तिसऱ्याकडे मी फळी घेऊन गेलोच. त्याने चहा दिला, भिंतीवरचे कोरलेले गणपती दाखवले आणि मशीनवर त्याची ठरलेली फाइल लावली, तीही एमडीएफवर. एमडीएफला रेषा नसते. लाकडाचा कुठलाही दोष त्यात दिसत नाही, कुठूनही कापा, लोण्यासारखं कापलं जातं. सागवानात बिट रेषेच्या आडवं गेलं की कड उचकटते, आणि मशीनचा सांगाडा ढिला असेल तर मोराच्या मानेवर बारीक लाटा उमटतात. मला तेच बघायचं होतं. मी पिशवीतून फळी काढली तर म्हणे, "सर, तुमची फाइल आमच्या सॉफ्टवेअरला उघडत नाहीये." एसटीएल या कामातली सर्रास चालणारी फाइल आहे. माझ्या घरच्या लॅपटॉपवर ती उघडत होती.

आणखी एकाने फाइल खरंच कोरून दिली, छानही दिली, पण आपल्या मोठ्या 1325 मशीनवर. "हेच छोट्या साइजमध्ये तुम्हाला मिळणार." छोट्याच्या गॅन्ट्रीचं, म्हणजे स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाचं, वजन निराळं, पट्ट्या निराळ्या, मोटरी निराळ्या. हजार किलोच्या आसपासच्या मशीनने कोरलेला मोर दाखवून टेबलावरचं मशीन विकणं मला मुळीच पटलं नाही, आणि मी ते तोंडावर सांगितलं.

वेळेबद्दलही असंच. एक विक्रेता म्हणाला, "दीड तासात होईल सर." मी त्याच्यासमोर कागदावर मांडून दाखवलं. फिनिशिंगची प्रत्येक फेरी 0.2 मिमी अंतराने घ्यायची तर 300 मिमी रुंदीत 1500 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी 300 मिमी, म्हणजे बिटाला एकूण 450 मीटर चालायचं. मिनिटाला 1500 मिमी वेग धरला तरी पाच तास. माहितीपत्रकात वेग मिनिटाला 4000 मिमी छापलेला असतो, पण उठावाच्या कामात बिट सतत वरखाली करतं, तिथे तो वेग गाठताच येत नाही. शिवाय त्याआधीचं जाडंभरडं कोरणं, म्हणजे रफिंग, वेगळं. अंतर 0.4 केलं तर वेळ निम्मा होतो, पण मग पॉलिशपेपर घेऊन तुम्हीच बसा. हा हिशेब ज्याला नको असतो तो दीड तास सांगतो.

सॉफ्टवेअरचं तर सांगायलाच नको. कोरीवकामाची फाइल मशीनसाठी तयार करायला आर्टकॅमसारखं सॉफ्टवेअर लागतं. विक्रेते म्हणतात, "आर्टकॅम फ्री टाकून देतो." ऑटोडेस्कने आर्टकॅम 2018 मध्येच बंद केलं, आता ते कार्व्हेको या नावाने वेगळी कंपनी पुढे चालवते. मग हे फ्री आर्टकॅम कुठून येतं ते उघड आहे. मी धंद्याचं काम करणार, मला चोरीची प्रत नको होती. व्हेक्ट्रिक या कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती मोफत मिळते. तिच्यातून आपल्या फाइलचा अंतिम टूलपाथ, म्हणजे बिटाने चालायचा मार्ग, सेव्ह होत नाही, पण काम कसं दिसेल आणि अंदाजे किती वेळ लागेल हे घरबसल्या कळतं. त्यांच्याच व्हीकार्व्हच्या डेस्कटॉप आवृत्तीला 25 बाय 25 इंचाची मर्यादा आहे, म्हणजे 900 मिमीची पूर्ण लांबी वापरायची तर वरची आवृत्ती लागते. हा खर्च मशीनच्या किमतीत पहिल्यापासून धरा.

या सगळ्यात मी इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडे तीच फाइल पैसे देऊन कोरून घेतली. ते काका तासाच्या दराने काम करतात. मी मशीनजवळ उभा राहून बघत होतो, तर म्हणाले, "भाऊ, महिन्याला एक-दोन महिरपी असतील तर घेऊच नका. माझ्याकडे टाकत जा." गिऱ्हाईक टिकवायला म्हणाले असतील, पण सल्ला खरा होता. मी मागच्या वर्षाच्या ऑर्डरी काढून बसलो. जॉबवर्कचे पैसे, जायचा-यायचा वेळ आणि त्यांच्याकडची रांग एका बाजूला, मशीनचा हप्ता, बिट्स आणि वीज दुसऱ्या बाजूला. माझ्या बाबतीत मशीन थोड्या फरकाने फायद्याचं ठरलं. हा हिशेब तुमचा वेगळा येईल, तो करायचाच.

शेवटी पुण्याच्या बाजूचा एक छोटा उत्पादक भेटला. फोनवर माझं बोलणं पुरं होऊ न देता म्हणाला, "या की फळी घेऊन. पण दिवसभर बसायची तयारी ठेवून या." मला इतकं बरं वाटलं की मी लगेच दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली.

त्याने आधी 6 मिमीच्या एंड मिलने रफिंग घेतलं आणि वर अर्धा मिमी माल ठेवला. मग टोकाला निमुळतं, गोल तोंडाचं बिट लावलं. मोराच्या तुऱ्यापाशी बिट रेषेला आडवं आलं आणि दोन ठिकाणी कुसळं उभी राहिली. त्याने मशीन थांबवलं, बोटाने कुसळं चाचपली, फेऱ्यांची दिशा बदलून लाकडाच्या रेषेला धरून घेतली आणि तेवढा भाग पुन्हा फिरवला. कुसळं गेली. मानेवर लाटा नव्हत्या. पिसाऱ्यातला एकेक डोळा नखाने मोजता येत होता. सकाळी लावलेलं काम दुपारच्या चहानंतर संपलं, माझ्या हिशेबापेक्षा थोडं उशिराच, आणि त्याबद्दल त्याने काही लपवलं नाही.

काम चालू असताना मी मुद्दाम मेन स्विच बंद करायला लावला. आपल्याकडे वीज जातेच. बिट लाकडात तसंच थांबतं, आणि वीज परत आल्यावर मशीन होमला, म्हणजे आपल्या ठरलेल्या मूळ जागी, जाऊन नेमकं तिथूनच सुरू होतं का, हे विकत घेण्याआधी कळायला हवं. याचं झालं, जोडावर रेघ उमटली नाही. काम संपल्यावर कॉलेटला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, लावून गॅन्ट्री हाताने दाबून बघितली. काटा किती हलतो यावरून सांगाडा कळतो. घरी डायल गेज नसेल तर ओळखीच्या टर्नरकडून मागून घ्या, विक्रेत्याचा वापरू नका.

कोटेशन त्याने तिथेच हाताने लिहिलं. बॉलस्क्रू, लिनियर गाइड, 1.5 किलोवॅटचा स्पिंडल, मशीन चालवणारा हातातला डीएसपी कंट्रोलर, डस्ट कलेक्टर, बिट्सचा संच, वाहतूक, जोडणी, जीएसटी, सगळं ओळीओळीने. स्पिंडलच्या बेअरिंगची हमी किती महिने, तेही. शेवटचा हप्ता माझ्या खोलीत तीच फाइल कोरून झाल्यावर, असं मी घालायला सांगितलं आणि त्याने काहीही न बोलता घातलं. मी तिथेच ठरवलं. आज मशीन चालू आहे आणि पहिल्या देव्हाऱ्याची महिरप बघून गिऱ्हाइकाने दुसरा देव्हारा सांगितला, याचा मला अभिमान आहे.

आता आठवेल तसं सांगतो. डीएसपी कंट्रोलर घेतला तर पेन ड्राइव्हवरून काम चालतं, संगणक धुळीत ठेवावा लागत नाही. वायरमनकडून मशीनला स्वतंत्र 16 अँपिअरची लाइन आणि चांगलं अर्थिंग आधीच करून घ्या. अर्थिंग कच्चं असलं की स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या व्हीएफडीच्या त्रासाने मशीन मध्येच कारणाशिवाय थांबतं आणि लोक विक्रेत्याशी भांडत बसतात. स्पिंडलचा आवाज सहन होतो, डस्ट कलेक्टरचा शेजाऱ्यांना होत नाही, मी संध्याकाळी सातनंतर लावत नाही.

धुळीच्या बाबतीत हयगय नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे. एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा चिकटा असतो तो वेगळाच. मशीनचं बजेट कमी पडलं तर स्पिंडल छोटा घ्या, डस्ट कलेक्टर आणि एन-95 मास्क गाळू नका. घरात लहान मूल असेल तर मशीनच्या खोलीला दार हवंच.

कर्ज काढून धंदाच सुरू करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण प्रवर्गाला शहरात प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे. ते नव्या उद्योगाला मिळतं, म्हणून आधी अर्ज, मग मशीन. मी आधीपासून काम करत असल्याने त्या वाटेला गेलो नाही.

आणि आमच्याकडे जुन्या वाड्यांचं सागवान मिळतं, पोत सुंदर, पण आत मोडलेले खिळे असतात. एका खिळ्याने महागडं बिट जातं. फळी मशीनवर चढवण्याआधी दोन्ही बाजूंनी जोरकस लोहचुंबक किंवा मेटल डिटेक्टर फिरवा. सागवानात सिलिका असते, त्यामुळे कार्बाइडचं बिटही लवकर बोथट होतं. फिनिशिंगचं एक बिट कायम जास्तीचं ठेवा, ते नेमकं रविवारी दुकानं बंद असतानाच तुटतं.