पेननचा लाल फोन

ग्लासगोला आल्यावर पहिलं वर्षभर मला इथल्या माणसांचं बोलणं कळायचं नाही. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "बिल फोरसाइथचे सिनेमे बघ." मी 'ग्रेगरीज गर्ल'पासून सुरुवात केली. कम्बरनॉल्डच्या शाळेतली एक मुलगी फुटबॉल संघात जाते आणि संघातला ग्रेगरी तिच्या प्रेमात पडतो, एवढीच गोष्ट. 1981 चा हा सिनेमा अमेरिकेत पाठवताना तिथल्या लोकांना कळावं म्हणून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले होते. ते वाचून मला फार धीर आला.

हा दिग्दर्शक फोरसाइथ ग्लासगोचाच, जन्म 1946 चा. सतराव्या वर्षी तो माहितीपट काढणाऱ्यांकडे कामाला लागला. पहिला कथापट 1979 चा, ग्लासगोच्या युवा नाट्यसंस्थेतली पोरं घेऊन केलेला: बेकार मुलं गोदामातून स्टीलची सिंक चोरतात. बीबीसीसाठी त्याने ऑर्कनी बेटांवरच्या एका कथेवर 'अँड्रिना' ही टीव्ही फिल्म केली.

पण मला बोलायचंय ते 1983 च्या 'लोकल हीरो'बद्दल. अमेरिकेतली तेल कंपनी रिफायनरीसाठी स्कॉटलंडमधलं एक अख्खं गाव विकत घ्यायला माणूस पाठवते. मी राजापूर तालुक्यातली. नाणारच्या रिफायनरीच्या वेळी घराघरात काय चाललं होतं ते मी पाहिलंय, म्हणून सिनेमा लावताना पोटात गोळाच आला होता. फोरसाइथचे गावकरी मात्र विकायला उत्सुक असतात. त्यांना पैसे हवेत आणि तो त्यांना त्यासाठी कमी लेखत नाही. कंपनीचा माणूसही खलनायक नाही, त्याचा तर त्या गावावर जीव जडतो. जमिनीच्या व्यवहारात सगळ्यांच्याच मनाची ओढाताण होते, हे इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलं नाही. दिग्दर्शनाचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार त्याला याच सिनेमासाठी मिळाला. स्टुडिओला शेवट गोड हवा होता. त्याने फक्त गावातला लाल टेलिफोन बूथ दाखवला, आत घंटा वाजतेय.

पुढे तो अमेरिकेत गेला. रॉबिन विल्यम्सला घेऊन केलेल्या 1994 च्या सिनेमात स्टुडिओने काटछाट केली. 1999 नंतर त्याचा एकही सिनेमा आला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागच्या महिन्यात पेननला गेले, 'लोकल हीरो'तलं गाव म्हणून दाखवलेलं हेच ते गाव. कड्याखाली घरांची एकच रांग, समोर समुद्र. सिनेमातला बूथ नुसता देखावा होता, पण गावाचा खरा बूथ जवळच आहे आणि लोक लांबून तो बघायला येतात. तिथे उभं राहून मी मोबाईलवरून आईला फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली.

"मग विकली का गं त्यांनी जमीन?"

"किनारा एका म्हाताऱ्याच्या नावावर होता. तो तिथेच झोपडीत राहायचा. त्याने नाही दिली."

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एकट्यानेच?"