काडीचं खत: आमची वाटचाल

द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की निफाड-दिंडोरीत बांधाबांधावर काड्या पेटतात. त्या काड्यांवरच आमचा खताचा डेपो उभा राहिला.

पहिली खरेदी काडीचे तुकडे करणाऱ्या श्रेडरची. काडी म्हणजे लाकूडच. दोन इंचांहून लांब तुकडा लवकर कुजत नाही. सुतळी आणि प्लॅस्टिकची बांधणी आधी निवडून काढायची, नाहीतर पाती जातात. जाड जुनी खोडं आम्ही घेतच नाही, त्यात खोडकिडा असतो.

टनभर काडीला टनभर ओलं शेण आणि दीड क्विंटल कोंबडीखत. ढीग पाच फूट उंच, आठ फूट रुंद. मूठभर माल दाबला की बोटांना ओल लागावी, पाणी गळू नये. आतलं तापमान 55 अंशांवर चढायला हवं. 65 च्या पुढे गेलं की पलटी. नाकाला अमोनिया झोंबला तर कोंबडीखत जास्त झालं, काडीचा चुरा वाढवा. ढीग तापलाच नाही तर बहुधा कोरडा आहे. चार महिने तरी लागतात. कच्चं खत बोदात, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यात, गेलं की तेच नत्र ओढतं आणि ऐन फुटीत पानं पिवळी पडतात. म्हणून प्रत्येक ढिगातल्या खतात मेथी पेरून बघतो. नीट उगवली तरच ट्रॉली भरतो.

खरी डोकेदुखी तांब्याची. बोर्डो या बुरशीनाशकातलं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, काडीच्या सालीवर बसतं. ते कुजत नाही, उलट ढीग आटेल तसं किलोमागचं प्रमाण वाढतं. खत नियंत्रण आदेशातली मर्यादा किलोला 300 मिलिग्रॅम, त्यामुळे प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल बिलासोबत जातो.

आता भावाचं. 45 किलो युरियाची गोणी शेतकऱ्याला 266.50 रुपयांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलतं. आमच्या खतावर वाहतूकच भारी पडते. आणि गिऱ्हाइकाच्या कांद्याचं गणित दिल्लीत ठरतं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यात बंद झाली, ती 4 मे 2024 ला खुली झाली तीही 40 टक्के शुल्क लावून. लासलगावला भाव पडले की माणूस औषध उधारीवर आणतो, पण खत पुढच्या वर्षावर ढकलतो. खतानं जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसायला दोन-तीन हंगाम जातात. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही. जमीन सुधारा म्हणून भाषणं देणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

म्हणून आम्ही अदलाबदल सुरू केली: चार टन काडी आणून टाका, टनभर खत न्या. एकरी पाच टनांची गरज त्यात भागत नाही. उरलेल्यासाठी पावसाळ्यात दोन ओळींमध्ये ताग पेरायचा आणि फुलोऱ्यावर येताच, साधारण 45 दिवसांनी, गाडायचा.